ठशांखालचं नाव
डांबरगोळ्यांचा वास आला की मला चंद्रपूरच्या आमच्या इतिहास अभ्यासकांच्या संस्थेचं कार्यालय आठवतं. तिथे मी कार्यालयीन सचिव होते. पत्रव्यवहार, सभासद, अधिवेशन, सगळं माझ्याच गळ्यात. शिपाई होते ते पोंभुर्ण्याकडचे. जंगलातल्या शिलालेखांचे ठसे तेच घ्यायचे, दगडावर ओला कागद बसवून, तासन्तास उकिडवे बसून. अधिवेशनाचा अहवाल छापून आला त्या दुपारी त्यांनी ठशांचं पान उघडलं. खाली ते लेख वाचणाऱ्या प्राध्यापकांचं एकट्याचं नाव होतं. "बाई, मायं नाव नाई टाकलं काऊन?" त्यांनी हळूच विचारलं. मजकूर मीच टाइप केला होता. कर्मचाऱ्यांची नावं नकोत, असं अध्यक्ष म्हणाले होते आणि मी दमले होते, वाद घातला नव्हता. मी पेन काढून त्यांच्या प्रतीत नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "अन् बाकीच्या पुस्तकाईत?" भिंतीलगत अहवालाचे गठ्ठे रचलेले होते. "पुढच्या वर्षी नक्की छापू," मी म्हणाले. पुढच्या अहवालाआधीच ते निवृत्त झाले. आता मीही घरी असते. त्या ठशांबद्दल कुणी विचारायला आलं की मी आधी त्यांचं नाव सांगते. ऐकणारा मान डोलावतो आणि अहवालात छापलेलं प्राध्यापकांचंच नाव वहीत उतरवून घेतो.