तीन पळ्यांची काजल

माणसाला नावाने, चेहऱ्याने, फार तर आवाजाने ओळखणारे पुष्कळ पाहिले, पण निव्वळ भुकेवरून ओळखणारी बाई आमच्या शाळेच्या खिचडीवाल्या मावशींशिवाय साऱ्या जुन्नर तालुक्यात दुसरी झाली नाही. आळे गावाजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या पंधरा वर्षं पोरांना जेवू घालत होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकाही पोराचं नाव पाठ केलं नाही. त्यांच्या लेखी कुणी 'दीड पळी', कुणी 'वाटाणे वेचून ठेवणारी', कुणी 'आधी पाणी पिणारा'. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी खिचडी चमच्याच्या टोकाने चाखली, तेव्हा मावशी त्यांना निरखून म्हणाल्या, "सायेब, तुमी ल्हानपणी डबा तसाच घरी न्यायचा ना?" साहेब इतके चपापले की त्यांनी दुसरा घास घेतला. एखादं पोर गैरहजर असलं की माझ्या आधी मावशींना कळायचं, कारण पातेल्यात तेवढी खिचडी उरायची.

मी तिथली मुख्याध्यापिका. आता नातवंडं मला आजी म्हणून नाचवतात. पण कोरोना आला तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची तरुणी होते आणि तरुणपणी माणसाने जेवढं मूर्ख असावं, तेवढी पुरेपूर होते. शाळा बंद झाली, तशी मी मोबाईलवर गट काढला. रोज दहा वाजता मी "सुप्रभात" लिहायचे, पोरांनी अंगठा पाठवायचा, की झाली हजेरी. सगळ्यांचे अंगठे यायचे. वर्गात कधी न मिळालेली पूर्ण हजेरी मला घरबसल्या मिळाली. बैठकीत तिचं कौतुक झालं, तेव्हा मी कॅमेरा नीट दिसेल असा धरून पदर सारखा केला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मावशींना हे काही पटत नव्हतं. "अंगठा जेवतो व्हय बाई?" त्या विचारायच्या. मी चष्मा नाकावर चढवून म्हणायचे, "मावशी, तुम्ही खिचडी बघा, हजेरी मी बघते."

शिजवायचं बंद होतं, पण काही महिन्यांनी हुकूम आला, की पोरांच्या वाट्याचे साठलेले तांदूळ घरोघर पोचवायचे. पिशवी पालकांच्या हाती दिली की काम संपायचं. मावशींचा मात्र हट्ट, ज्याच्या पोटात जायचं त्याच्याच हातात देणार. सातवीतली काजल मामाकडे राहून शिकायची. मावशी तिथे गेल्या तर मामा म्हणाला, "ती आंघोळीला गेलीय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन थेट माझ्या दारात. मास्क हनुवटीवर, पदर तोंडावर.

"बाई, पोरगी तीन दिस आंघोळच करती का?"

"अहो, सकाळीच तिचा अंगठा आलाय!"

"मंग त्या अंगठ्यालाच द्या तांदूळ."

मी रागाने मामाला फोन लावला. तो आधी खोकला, मग बोलला. काजलला आईबापांनी चार महिन्यांपूर्वीच मढ गावी आपल्या घरी परत नेलं होतं. अंगठा तोच पाठवायचा, धार काढून आल्यावर. "बाई, तुमची हजेरी मोडाया नको म्हनून केलं," तो म्हणाला. वर हेही सांगितलं, की तिला पाहुणे बघून गेलेत.

सातवीतल्या पोरीला!

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. मावशी मागे, मांडीवर तांदळाची पिशवी. मढच्या वरच्या अंगाला घर सापडलं. पोरगी दारातच भांडी घासत होती. मी तिच्या बापापुढे मुलींच्या शिक्षणावर असं भाषण ठोकलं, की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाप मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "खरंय बाई. पर शाळा तर बंदच हाय ना?"

मी चष्मा काढून पदराला पुसायला लागले.

मावशी पोरीजवळ जाऊन बसल्या. "किती खाती गं आता?"

"एक पळी," काजल खाली बघत म्हणाली.

मावशी बापाकडे वळल्या. "ऐकलं का भाऊ? तीन पळ्या खाणारी पोर व्हती ही. पातेल्याच्या तळाची खरवड बी मागून न्यायची. हिच्या पोटात काय बसवलंय तुमी?"

बाप जमीन उकरू लागला. "शाळा उगडल्यावर बगू, मावशी."

"बगा की. तवर मी हितंच ऱ्हाते." त्यांनी चपला काढून भिंतीला पाठ टेकली. "आन् सांगून ठिवते, मला सकाळ-सांच्याला पाच पळ्या लागत्यात. पोर पाठवा माझ्या घरी, न्हाईतर मला पोसा."

बापाला हसू आवरेना. तो काही बोलायच्या आत पोरीची आई घरात गेली आणि कपड्यांची पिशवी बांधून बाहेर आली. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघते, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

तांदूळ तिथेच ठेवून आम्ही निघालो. दर वर्षी पोरांना वाहतुकीचे नियम शिकवणारी मी, स्कूटरवर मागे दोघींना घेऊन चालले होते. ओतूर मागे पडलं. मग काजलने माझ्या पाठीशी हलकेच विचारलं, "बाई, म्हणजे बाकीची पोरंपण शाळेत येत नव्हती? मला वाटलं, शाळा उघडली आणि माझं एकटीचंच नाव काढलं."

चार महिने ती डोंगराकडेला हे मनात घेऊन बसली होती. माझ्या वहीत मात्र ती रोज हजर होती.

"नाही गं," मी म्हणाले. "कुणीच येत नव्हतं. मीसुद्धा नव्हते."

पुढचा रस्ता मला जरा अंधुक दिसायला लागला. स्कूटर कडेच्या मातीत उतरली, तशी मागून मावशींनी माझा खांदा दाबला.

"बाई, म्होरं बघा. पोर हाय गाडीवर."