वाकून चालवायची नाही

नंदुरबारच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या मानेचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, मोटारसायकल आता वाकून चालवायची नाही."

मी विज्ञान शिकवते, पण आमची शाळा लहान असल्यामुळे मराठीचे तासही माझ्याकडेच असतात. त्यामुळे वाक्य ऐकले की त्यातला नकार नेमक्या कोणत्या शब्दाला लागला आहे, ते शोधण्याची सवय झाली आहे. मी विचारले, "डॉक्टर, नकार कशाला आहे? चालवण्याला, की वाकण्याला?"

ते म्हणाले, "तसा वाकण्याला. पण त्या गाडीवर वाकल्याशिवाय बसता येतं का?"

प्रश्न रास्त होता. ती गाडी माझ्या यजमानांनी लग्नाआधी हौसेने घेतलेली. लाल रंगाची, शर्यतीच्या गाड्यांसारखी, पुढून आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या कव्हराने झाकलेली. अशा गाडीचे हँडल एकसंध नळीचे नसते. दोन आखूड तुकडे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन पायांना खाली जोडलेले असतात. चालवणाऱ्याला टाकीवर ओणवे व्हावे लागते. धडाचा भार मनगटांवर जातो आणि समोरचे दिसावे म्हणून मान उचलून धरावी लागते. घाट उतरताना तर सगळे शरीरच हातांवर येते. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत माझ्या डाव्या हाताची दोन बोटे बधिर होत, आणि क्लच तर त्याच हाताने दाबायचा असतो.

आम्ही तळोद्यात राहतो आणि शाळा घाटाच्या वर. सासूबाईंना रात्री एकटे ठेवता येत नाही, म्हणून वर मुक्काम शक्य नव्हता. वर जाणारी जीप भरली की निघते आणि ती केव्हा भरेल हे चालकालाही ठाऊक नसते. नवी गाडी घेण्याची त्या वर्षी ऐपत नव्हती. सपाटीवरच्या शाळेत बदली मागणे हा सोपा मार्ग होता; मुख्याध्यापकांच्या कानावर मी तसे घातलेही होते. परंतु आमच्या शाळेत दहावीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता आणि विज्ञानाला दुसरे कोणी नव्हते. दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. वर्ग चालू असला तर मुले वसतिगृहात थांबतात. वर्ग ओस पडला तर आईबापांबरोबर तीही जातात. मी गेले असते, तर त्या वर्गातली निम्मी बाके रिकामी झाली असती.

म्हणून घरी आल्यावर मी कागदावर दोन आकृत्या काढल्या. एक ओणव्या माणसाची, दुसरी ताठ बसलेल्या माणसाची. इंजिन तेच, चाके तीच; फक्त कव्हर काढायचे, वर एकसंध रुंद हँडल बसवायचे आणि दिवा नवा लावायचा. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. यजमानांनी आकृत्या पाहिल्या आणि म्हणाले, "मन्ही गाडीनी खाल काढी ऱ्हायनी का तू?"

"खाल नही, कव्हर. पेच खोलना शेत."

"मंग ती नवापूरनी पिसं काढेल कोंबडी दिसी."

"दिसू दे. घाट चढनी म्हणजे व्हयनं."

सकाळी पाहिले, तर यजमान फडक्याने ते लाल कव्हर पुसत उभे होते. मला वाईट वाटले. निर्णय मात्र बदलावासा वाटला नाही.

आमचे मिस्त्री बाजारपेठेच्या टोकाला बसतात. त्यांचे वडील डोंगरात जाणाऱ्या जीपा दुरुस्त करत; हे मोटारसायकलींकडे वळले. मी आकृती दाखवून नीट समजावले. त्यांनी सारांश एका वाक्यात काढला, "म्हंजे मॅडम, गाडी नागडी करनी शे."

बाकावर बसलेली गिऱ्हाइके हसली. मी म्हटले, "निरावरण म्हणा."

"काय म्हनात?"

"निरावरण. आवरण काढलेली."

ते बाकाकडे वळून म्हणाले, "दखा भो, शाळानी गाडी नागडी नही व्हत, निरावरण व्हस!"

काम मात्र त्यांनी मन लावून केले. कव्हर उतरले तेव्हा आत वायरींचा गुंता निघाला, कारण दिवा आणि मीटर कव्हरालाच टांगलेले असतात. त्यांनी चिमट्याला पट्ट्या लावून त्यावर साधा गोल दिवा बसवला, वायरी एकत्र बांधल्या आणि वरच्या पट्टीवर रुंद हँडल आवळले. मी बसून पाहिले. पाठ सरळ, कोपरे सैल. मानेला काहीच करावे लागत नव्हते.

दिवाळीची सुटी संपायला थोडे दिवस उरले असताना मी घाट करून पाहण्यासाठी एकटी निघाले. सपाटीवर गाडी उत्तम चालली. घाट लागला. पहिले अरुंद डावे वळण आले, मी हँडल वळवले, आणि मूठ जराही पिळली नसताना इंजिन स्वतःहून गरजले. गाडी पुढे झेपावली. मी क्लच दाबला, ब्रेक लावला. पुढचे चाक डांबर सोडून खडीत जाऊन थांबले. त्या बाजूला डोंगर होता, दरी नव्हती, एवढे नशीब. मग मी उभ्या गाडीचे हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवले. उजवीकडे आवाज एकसारखा. डावीकडे नेले की इंजिन ओरडे. परतीच्या प्रत्येक डाव्या वळणाआधी मी इंजिन बंद केले आणि गाडी ढकलत नेली.

घरी यजमानांनी सगळे ऐकले. टोमणा मारला नाही, हेच जास्त लागले. इतकेच म्हणाले, "बदलीना अर्ज करी टाक. जीवपेक्षा शाळा मोठी शे का?"

अर्ज न लिहिता मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. त्यांचा विश्वास बसेना. "मी सोता परकाशालगून लई गयथू मॅडम! लोनीसारखी चालनी!"

"प्रकाशा गावाच्या रस्त्याला वळण कुठे आहे?"

त्यांनी आठवून पाहिले. "पुलजोडे एक शे... बारीकसं." आणि स्वतःच हसले.

मग आम्ही दोघांनी विचार केला. अ‍ॅक्सिलरेटरची तार उजव्या मुठीपासून इंजिनापर्यंत जाते. मूठ आता उंच गेली होती आणि जुनी तार हँडल सरळ असतानाच जेमतेम पुरत होती. डावीकडे वळताना उजवी मूठ पुढे जाते, अंतर वाढते, आणि हाताने पिळल्यासारखी तार ओढली जाते. नकाशावरच्या नदीची लांबी आम्ही मुलांना दोऱ्याने मोजायला शिकवतो. तसाच सुतळीचा तुकडा मी मुठीपाशी धरला, मिस्त्रींनी दुसरे टोक इंजिनापाशी नेले, आणि हँडल सरळ, डावीकडे, उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत ठेवून मोजले. सर्वांत मोठे माप खरे धरायचे. ते म्हणाले, "आते बसनातच तं ब्रेकना पाईप बी मापूत." तोही ताणलेला निघाला. ते माझ्या लक्षात आले नव्हते.

सुतळी घेऊन ते स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि दूधवाल्यांच्या उंच हँडलच्या गाडीची केबल घेऊन आले. ती तंतोतंत पुरली. ब्रेकचा लांब पाईप मात्र नंदुरबारहून मागवावा लागला.

गाडी घरी आल्यावर यजमान अंगणात तिच्यावर बसले. इंजिन चालू ठेवून त्यांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. पुन्हा फिरवले. कान लावून ऐकले. आवाज हलला नाही. मग ताठ बसून स्वतःकडे पाहत म्हणाले, "आते पोट बी मावस." सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गाडी सुधारनी, तू कवय सुधारशी?"

शाळा उघडली त्या सकाळी मी घाटाला लागले. डाव्या वळणावर मन आकसले, पण इंजिन आपल्या चालीने चढत राहिले. आजूबाजूचा डोंगर मला कधी एवढा दिसला नव्हता. आजवर मी टाकी आणि पुढचा डांबराचा तुकडाच पाहत आले होते. वळणावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायकांनी थांबून पाहिले. एकीने हात वर केला. पूर्वी त्यांना लाल गाडी दिसायची, आता गाडीवर बसलेली बाई दिसत होती. मी मान हलवून उत्तर दिले. मान हलली, दुखली नाही. अजून ती पूर्ण बरी झालेली नाही, व्यायाम चालूच आहे. पण वर पोहोचले तेव्हा डाव्या हाताची पाचही बोटे माझी होती.

मुख्याध्यापक पायरीवर फळा घेऊन वेळापत्रक लिहीत होते. दहावीच्या रांगेत विज्ञानाच्या तासापुढची शिक्षकाच्या नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, "इथे काय लिहू?"

मी खडू मागून घेतला.