चिखलदऱ्याला कोणता स्टोव्ह न्यायचा

डेहराडूनला शिकून मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा मुलींना चिखलदऱ्याला कॅम्पला न्यायचं माझ्या मनात पक्कं होतं. वाटलं होतं, लोक वाघाचं विचारतील, थंडीचं विचारतील. झालं भलतंच. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "स्टोव्ह कोणता नेता?" त्या स्टोव्हापायी इतके किस्से जमले की टीचर्स रूममध्ये चहा गार व्हायचा, विषय व्हायचा नाही.

*

डेहराडूनला एका गिर्यारोहकाकडे मी गॅसचा इवलासा स्टोव्ह पाहिला होता. पिशवीत मावणारा, ना पंप ना धूर. तोच मागवू या, असं मी जोशात सांगितलं.

शिवणाच्या सुशीलाबाईंनी सुई थांबवली. "अन् गॅस संपला तं?"

"दुसरं सिलिंडर आणायचं."

"कुठून?"

"मुंबईहून."

"म्हंजे चहासाठी चिखलदऱ्याहून मुंबईले जाशीन. मंग थो चहा तिथंच पिऊन घे नं."

गॅस तिथंच संपला.

*

मग सुशीलाबाई आणि मी अकोल्याला गेलो. दुकानदाराने पंप मारून पितळी स्टोव्ह पेटवला, तर समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी विचारलं, "बिनआवाजाचा नाही का?"

"हाये नं, वातीचा. पण बाई, हा मुका. कोणी घेत नाई."

"का?"

"पाहुणा बाहेर बसला, तुमी आतमंधी चहा ठेवला. त्याले समजन कसं? थो उठून चालला जाईन."

सुशीलाबाईंनी गंभीरपणे मान डोलावली. आम्ही आवाजाचा घेतला.

*

त्याच आठवड्यात अंजनगावचे आप्पासाहेब शाळेत आले. मोठे शेतकरी, विमलचे वडील. "मास्तरीणबाई, विमलचा स्टोव्ह मी वेगळा पाठवतो. ती त्याच्यावरचंच खाईन."

कारण त्यांनी सांगितलं नाही. विमलच्याच वर्गात सिंधू होती. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

आप्पासाहेबांचं ऐकून घराघरांतून स्टोव्ह निघाले. मुलींपेक्षा स्टोव्ह जास्त व्हायची वेळ आली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "पोरी न्यायच्या आहेत का दुकान मांडायचं आहे? शनिवारी मैदानावर रांधून दाखवा. सगळ्यांचं एकत्र जमलं तर कॅम्प, नाहीतर रद्द."

मला तर कॅम्प त्या 'एकत्र'साठीच हवा होता.

*

शनिवारी मी मुलींना म्हटलं, काहीतरी सोपं करा. त्यांनी रोडगे ठरवले. घराबाहेर जेवायचं म्हणजे रोडगेच, दुसरं काही त्यांना सुचेचना. एका परातीभोवती बसून सगळ्यांनी कणकेचे गोळे वळले. विमलने वळले, सिंधूनेही वळले. अकोल्याच्या स्टोव्हने मैदान दणाणून सोडलं. तव्यावरचे रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे.

तेवढ्यात विमलचा स्टोव्ह काखेत घेऊन आप्पासाहेब आले. तवा पाहिला आणि जागीच थबकले.

"काहून अन्नाची माती करून राहिल्या, पोरीहो? रोडगा का स्टोव्हवर होते?"

काखेतला स्टोव्ह पायरीवर ठेवून त्यांनी गोवऱ्या मागवल्या, बाह्या सारल्या, स्वतः पेटवून निखाऱ्यांचा आर केला आणि उरलेले सगळे गोळे त्यात पुरले. वास सुटला तसं मुख्याध्यापिका बाईंनीही खुर्ची जवळ ओढली.

रोडगे निघाले. पहिला फोडून तुपात बुडवायला गेले आणि आप्पासाहेबांचा हात थांबला.

"विमलनं वळलेले कोणते?"

सिंधू पदराने रोडग्यांवरची राख झटकत होती. ती म्हणाली, "काका, आरातून निघाल्यावर कोण सांगन? तुमीच वळखा."

त्यांनी एक उलटून पाहिला. दुसरा उलटून पाहिला. विमल बापाकडे बघत होती.

"तूप इकडं सरकव," ते सिंधूला म्हणाले.

विमलचा स्टोव्ह पायरीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुख्याध्यापिका बाईंच्या घरी गेले. त्यांनी विचारलं, "मग, कोणता स्टोव्ह ठरला?"

"एकही न्यायचा नाही," मी म्हटलं. "गोवऱ्यांची पोती सांगा."