तपासनीसकाका आणि दोनशे ऐंशी मीटर

तपासनीसकाकांच्या हातात कोणतीही गोल वस्तू आली की ते ती आधी टेबलावर गडगडवून बघायचे. पेन्सिल, टॉर्च, औषधाची बाटली. "डुलतंय हे," म्हणून त्यांनी माझं कोरं लाटणं नापास केलं होतं. पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं काडतुसं तपासून ते निवृत्त झाले आणि इथे परदेशात, रिकार्टनला, आमच्या शेजारी, मुलाकडे राहायला आले. अंडंसुद्धा न खाणारा हा माणूस काडतुसांचा विषय निघाला की पुढ्यातला वरणभात गार होईपर्यंत बोलायचा.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी चाळिशी ओलांडलेली, पुलांची डिझाइन्स करणारी इंजिनिअर. ऑफिसातल्या ब्रेंडाने मला शिकारीची गोडी लावली होती. लायसन्स, रायफल, सगळं रीतसर होतं. त्या वर्षी फिओर्डलँडच्या जंगलात शिकारीच्या परवान्यांसाठी निघणाऱ्या सोडतीत आम्हा दोघींची नावं लागली. तिथे वापिटी असतो, म्हणजे अमेरिकेतला एल्क. अंगानं घोड्याएवढं हरीण. चार वर्षं अर्ज करून मिळालेले दहा दिवस. दरीच्या पलीकडून, लांबूनच मारावा लागतो, असं जो तो सांगत होता. म्हणून माझी नेहमीची थ्री-ओ-एट रायफल बाजूला ठेवून जास्त ताकदीची, जास्त दणक्याची थ्री हंड्रेड मॅग्नम घ्यायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं. काकांकडे गेले ती फक्त शिक्कामोर्तब करून घ्यायला.

मी नेलेले गोळीच्या वेगाचे आणि पल्ल्याचे तक्ते त्यांनी शेवटपर्यंत वाचले.

"काडतूस उत्तम आहे. पण तू कशी आहेस?"

"म्हणजे काय काका?"

"ते तपासलेलं आहे. तू तपासलेली नाहीस."

शनिवारी आम्ही तिघं रेंजवर गेलो. ब्रेंडाची स्वतःची मॅग्नम होती, ती मी घेतली. काकांची पद्धत साधी. मी मान वळवायची. ते कधी चेंबरमध्ये काडतूस घालायचे, कधी नुसताच बोल्ट लावायचे. मग मी नेम धरून चाप ओढायचा. पहिल्या दोन वेळा खांदा सणसणला. तिसऱ्यांदा आत काडतूस नव्हतं. नुसतं 'टक्' झालं आणि नळीचं नाक चांगलं वीतभर खाली गेलं.

ब्रेंडा हसून लोळायची बाकी राहिली. "इन्स्पेक्टर, हिला पकडलंत!"

"मी दणक्याला घाबरत नाही," मी म्हटलं.

"मी कुठे म्हणतोय? नळी म्हणतेय."

मग थ्री-ओ-एट. सहा वेळा रिकामा चाप ओढला, नळी हलली नाही. पुढे सलग पाच शनिवार ते दर खेपेला टार्गेट मागे सरकवायला लावायचे. जेवायच्या ताटलीएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या बसल्या तरच पुढचं अंतर. दोनशे ऐंशी मीटरला बसल्या, तीनशेला एक बाहेर गेली. मी 'वारा होता' म्हणाले. "तिथे पंखे बंद ठेवणार आहेत का?" काकांनी विचारलं. मग कागदी चिकटपट्टीवर आपल्या ठसठशीत अक्षरात '२८०' लिहून त्यांनी ती रायफलच्या दस्त्यावर चिकटवली.

तुम्हाला मुळात शिकार पटते का, असं मी त्यांना परतताना गाडीत विचारलं.

"अजिबात नाही. म्हणून तर नीट कर. जखमी होऊन ते कड्याआड गेलं, तर तू घरी येऊन जेवशील. ते तीन दिवस मरत राहील."

फिओर्डलँडमध्ये आठ दिवस पाऊस. नवव्या दिवशी सकाळी उघडलं, आणि समोरच्या उतारावर नर उभा. शिंगं एवढी, की मान वळवली तरी झाडोरा हलत होता. ब्रेंडाने दुर्बिणीतून अंतर मोजलं. चारशे तीस.

"हीप्स ऑफ टाइम आहे. बस, आणि घे."

मी बसले. नेमही धरला. गालाखाली चिकटपट्टीची कड टोचत होती. ब्रेंडाला म्हटलं, आपण खाली उतरू. ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. ओढा ओलांडून वर चढायला आम्हाला दोन तास लागले. तिथे चिखलात खुरांचे ठसे होते, त्यात पाणी भरत होतं. नर गेला होता. तो पुन्हा दिसला नाही.

परतल्यावर काका कुंपणापाशी उभेच होते.

"किती?"

"चारशे तीस."

"मग?"

"नाही मारला."

त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं, गडगडवून बघावं तसं. "पास," म्हणाले आणि शेंगा सोलायला आत गेले. माझ्या वाट्याला त्यांच्याकडून हा शब्द एकदाच आला.

दोन वर्षांनी ते पुण्याला परतले. इथली थंडी गुडघ्यांना मानवत नव्हती. निघताना माझं लाटणं पुन्हा एकदा ओट्यावर गडगडवलं आणि नकारार्थी मान हलवली. पुढच्याच हिवाळ्यात ते गेल्याचं त्यांच्या मुलाने कुंपणापलीकडून सांगितलं.

वापिटी मला अजून मिळालेला नाही. पट्टीच्या कडा काळ्या पडल्यात, आकडा वाचता येतो. हात आता पूर्वीपेक्षा बसलाय, साडेतीनशे सहज जमेल, असं ब्रेंडा दर हंगामात सांगते. जमेलही. पण ती काही तपासनीस नाही.