म्हैस विकणे आहे, फोटो माझा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या मायनं मला विकायला काढलं, आणि तसं करायला तिला मीच सांगितलं होतं.

मी पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. काम असं की लोकांच्या हातात मोबाईल द्यायचा आणि ते कुठं अडखळतात ते बघत बसायचं. (याचा पगार मिळतो, हे अण्णांना अजून खरं वाटत नाही.) कंपनीनं गाई-म्हशींच्या खरेदी-विक्रीचं ॲप काढलं होतं, आणि ते वापरून बघायला खरीखुरी म्हैसवाली माणसं हवी होती. आमच्या मॅडमनी त्यांच्या आयुष्यात म्हैस फक्त पुलावरून बघितलेली. त्या म्हणाल्या, "मनीषा, तुझं गाव लिंबागणेशजवळ ना? घरी म्हैस आहे, आई आहे. आणखी काय पाहिजे?"

खरंच, आणखी काय पाहिजे होतं! थोडी अक्कल पाहिजे होती, पण ते नंतर कळलं.

सकाळची धार काढून झाल्यावर मायला अंगणात बाजेवर बसवलं आणि तिच्या हातात माझा मोबाईल दिला. शेजारी शिरूर कासारहून आलेली आत्या लसूण सोलत होती. अण्णा खुर्चीत. गोठ्यात आमची चंद्री रवंथ करत उभी.

"हे बघ माय," मी म्हणाले, "तुझी परीक्षा नाही, ॲपची परीक्षा आहे. मी काही मदत करणार नाही. बटण दाखवणार नाही, चूक-बरोबर सांगणार नाही. तू फक्त करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा."

आमच्या घरात मायला 'जरा गप बस' म्हणणारे आजवर पुष्कळ झाले. 'मनातलं मोठ्यानं बोल' म्हणणारी मी पहिलीच. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी धरणाचं दार उघडलंय.

"आता समज, तुला चंद्री विकायचीय."

"कावून?"

"कावून म्हणजे... कशाला काय, समज ना."

"समजू कसं? काय वाईट केलंय तिनं?"

"अगं, खोटं खोटं विकायची!"

"खोटं बोलून म्हैस विकू? आन् उद्या घेणारा दारात आला म्हंजी?"

"कुणी येत नाही गं. हे नुसतं सरावाचं ॲप आहे, यातलं काही बाहेर जात नाही."

इथंच घात झाला. माझ्या मोबाईलवर ॲप दोन होती. एक सरावाचं, एक खरं. दोन्हींवर शिंगांचं तेच चित्र. लोक चित्रं ओळखताना कसे फसतात यावर मी मागच्याच महिन्यात ऑफिसात तासभर भाषण दिलं होतं. त्या भाषणाला टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. आणि मी मायच्या हातात दिलं ते खरं!

म्हशीची जात आणि आमचं गाव मी आधीच भरून ठेवलं होतं. पहिलं काम, म्हशीचा फोटो. मायनं मोबाईल वर धरला. आदल्या दिवशी मी सेल्फी काढून कॅमेरा तसाच ठेवलेला.

"अगं बया, ह्यात तर मीच दिसायले!"

मी वहीत टिपून घेतलं. नियम म्हणजे नियम.

"मने, म्हैस कुठं हाय ह्यात?"

मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सांग की तिला," अण्णा म्हणाले.

"मदत करायची नसते, अण्णा!"

"मग आलीस कशाला एवढ्या लांबून?"

मायनं स्वतःच तोड काढली. फोटोत आपण नको म्हणून ती बाजेवर आडवी झाली, हात वर केला आणि बटण दाबलं. मी बरोबर तिच्या मागं उभी होते.

मग आलं 'जनावराबद्दल माहिती सांगा'. तिथं माईकचं चित्र होतं. ते दाबून बोललं की शब्द आपोआप लिहिले जातात. मायनं ते एका झटक्यात दाबलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका! आमच्या कंपनीत या माईकवरून दोन गट पडले होते, आणि मी माईकच्या बाजूनं भांडले होते. मी मान खाली घालून भराभरा लिहायला लागले. त्यामुळं मायची नजर चंद्रीवर नसून माझ्यावर आहे, हे मला दिसलंच नाही.

"आता काय बोलू बाई," माय सुरू झाली. "बघा कशी उभी ऱ्हायली खांबावानी. लई हट्टी. कुणाचं म्हणून ऐकत न्हाई. खायला काई कमी न्हाई, पर अंगाला लागत न्हाई. दोनदा बघायला माणसं आलती, दोनदा हुसकून लावली."

"सकाळी उठत न्हाई, ते सांग," आत्या लसूण सोलता सोलता म्हणाली.

"हां, सकाळी उठत न्हाई. उठवाया गेलं की अंगावर येती. पर आक्का, मनाची वाईट न्हाई हां. जीव लावती. नुस्तं तोंड लई चालतंय."

मायनं 'पुढे जा' दाबलं. हिरवा पडदा आला, त्यावर फुलं उडाली. अभिनंदन! तुमची जाहिरात प्रसिद्ध झाली.

"परसिद्ध झाली म्हणं," माय म्हणाली.

"खोटी खोटी," मी म्हणाले, आणि मोबाईल वाजला.

"ताई, म्हशीची जाहिरात तुमचीच ना? मी माजलगावचा. बाजारासाठी टेम्पो घिऊन बीडात आलतो. तिकडंच निघालो बघा."

"अहो थांबा! म्हैस विकायची नाही!"

"हॅलो? आवाज येईना ताई. आल्यावर बोलू!" फोन बंद.

मी झटकन जाहिरात उघडली. वर ठळक अक्षरात 'मुऱ्हा म्हैस विकणे आहे'. खाली फोटोत मी. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड अर्धं उघडं, आणि पार मागं कोपऱ्यात चंद्रीचं एक शिंग. त्याखाली मायचं भाषण, अक्षर न अक्षर!

"पुसायचं बटण कुठंय?" मी ओरडले. मुख्य पानावर नाही. फोटोखाली नाही. तीन रेघा दाबल्या, तिथं नाही.

"मनात काय येतंय ते मोठ्यानं बोल," अण्णा शांतपणे म्हणाले.

"अण्णा!"

आत्या लसूण टाकून उठली, तसे अण्णा तिला म्हणाले, "आक्का, तू मधी पडू नको. मदत करायची नसती."

शेवटी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, 'माझे व्यवहार'मध्ये जा, मग 'जुनं-नवं', मग सगळ्यात खाली. कुणी चुकून पुसू नये म्हणून लांब ठेवू या, असं तूच नाही का सुचवलंस?"

जाहिरात पुसली तोवर ती गावाच्या ग्रुपवर फिरून आली होती. त्यावर अंगठे होते, हसरे चेहरे होते, आणि माझ्या शाळेतल्या बाईंचा 'अगदी खरे' असा शेरा होता.

पण टेम्पोवाल्यांचा फोन काही परत लागेना, म्हणजे टेम्पो यायचा तो येणारच होता. मायच्या डोळ्यांत पाणी. ती गोठ्यात जाऊन चंद्रीच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. "दारात आलेल्या माणसाला माघारी कसं लावायचं? आन् हिला कशी देऊ? वासरू असताना बाटलीनं दूध पाजलंय मी हिला."

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"तू काई सांगू नको आता," तिघंही एकदम म्हणाले. (एकमत आमच्या घरात तसं दुर्मीळ.)

टेम्पो आला. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उतरले, त्यांच्यामागून त्यांची बायको. "राम राम. जाहिरात लई आवडली बघा! लोक जनावराची खोड झाकून ठिवतेत. तुमी सगळं आधीच सांगून टाकलं. असा इमानी माणूस आजकाल मिळत न्हाई."

माय एका अंगानं सुखावली आणि दुसऱ्या अंगानं चंद्रीच्या आडवी उभी राहिली.

ते गोठ्यात वाकून बघायला लागले. "मारकी दिसत न्हाई वो ही. मग बघायला आलेली माणसं हुसकून लावली, ते कसं?"

मायला खोटं बोलता येत नाही. "ते म्हशीचं न्हाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "ते हिचं." आणि माझ्याकडं बोट केलं.

त्यांच्या बायकोनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् अंगाला लागत न्हाई ते?"

"तेबी हिचंच."

"कुणाचं ऐकत न्हाई?"

"हिचंच."

"सकाळी उठत न्हाई?"

"सारं हिचंच हो."

"मग म्हशीचं काय लिवलंय?"

"म्हशीचं काय लिवायचं? तिच्यात खोडच न्हाई एक!"

मग ते गृहस्थ असे हसायला लागले की टेम्पोला टेकून उभं राहावं लागलं. मी हात जोडून सगळी हकीगत सांगितली, ॲप, सराव, चित्रं, सगळं. त्यातलं त्यांना एवढंच कळलं की चूक माझी आहे. तेवढं पुरेसं होतं.

"जीव लावलेलं जनावर हाय, न्हाई द्यायचं तर न्हाई," ते म्हणाले. मायनं चंद्रीच्याच दुधाचा चहा केला. तो पिऊन मात्र त्यांचा चेहरा पडला. असली म्हैस हातची गेली याचं दुःख त्या चहातच होतं.

निघताना मायला फारच अवघड वाटलं. एवढ्या लांबून आलेली माणसं, टेम्पो रिकामा. ती हसत हसत माझ्याकडं बोट करून म्हणाली, "रिकाम्या हातानं चालला बाई तुमी. हिला तरी न्या."

त्या बाईंनी टेम्पोत चढता चढता मागं वळून बघितलं आणि हात जोडले.

"नको माय. जाहिरात सगळी वाचलीय आमी!"