काशीरामच्या गुडघ्यातली रेघ

काशीराम गवंड्याचा सगळा जन्म चिरे आणि सिमेंटमध्ये गेला, आणि म्हणूनच त्याची पंचाईत झाली. मालगुंडच्या आसपासची कितीतरी घरं त्याच्या हातची. नव्या भिंतीला तडा दिसला की मालक घाबरून बोलवायचे. हा जायचा, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करायचा, तारीख घालायचा आणि म्हणायचा, "असू दे. वाढला तर हाक मारा." मालकाचा चेहरा उतरलेलाच, आणि हा मात्र निवांत चहा पिऊन घरी.

या कामातच त्याचा उजवा गुडघा झिजला. गेल्या वर्षी तो बदलायचा ठरला, तेव्हा रत्नागिरीचे डॉक्टर विनीत सांगत होते की नवा सांधा हाडाला सिमेंटने बसवतात. सिमेंट हा शब्द कानावर पडला आणि काशीरामने पुढचं ऐकणंच सोडलं. सिमेंटातलं त्याला कोण शिकवणार?

टाके निघेपर्यंत जखम कोरडी ठेवा, असं नर्सने बजावलं आणि तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. पाणी मारलं नाही तर सिमेंट कच्चं राहतं! जखम भरली त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ विहिरीवर बसून गुडघ्यावर कळशी रिकामी करायला लागला. बायको चिमा विचारायची, तर म्हणायचा, "आग होते गो पायाची, दुसरं काय."

वर्षाने दोघं तपासणीला गेली. चढावर गुडघा वाईच दुखत होता. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पडद्यावर लावून बोट ठेवलं. "हे सिमेंट, हे हाड. मधे ही बारीक काळी रेघ दिसते ना?"

काशीरामचं धाबं दणाणलं. "परत उघडायला लागणार?"

"रेघ नंतर आली असेल किंवा वाढत असेल, तर सिमेंट सुटत असेल. मग कदाचित लागेल. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे बघितला तर कळेल. इथलं जुनं मशीन गेलं, त्याबरोबर तो एक्स-रेही गेला. फिल्म तुम्हाला दिली होती."

चिमाचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली होती, मासळीवर मांजर यायचं, म्हणून ती फिल्म तिने तिथे खिळे मारून बसवली होती.

परतताना गाडीत काशीरामला एकच दिसत होतं. पुन्हा पाय फाडायचा, बसवलेला सांधा काढायचा, पुन्हा महिनोन् महिने खाटेवर. त्याला साफ भीती वाटली. घरी आल्याआल्या त्याने आपल्या हाताने खिळे उपटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्मवरची काजळी पुसली. नशिबाने खिळे कोपऱ्यांत होते. उजेडासमोर धरून त्यांनी पट्टीने रेघ मोजली, मग पडद्यावरची मोजली, पुन्हा एकदा दोन्ही मोजल्या. काशीरामचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते.

"पहिल्या दिवसापासून आहे, आणि तेवढीच आहे. मिलिमीटरभरही रुंद नाही. अशी रेघ पुष्कळ गुडघ्यांत असते. तुमचं दुखणं व्यायाम न केल्याचं. ही असू दे. वाढली तर बघू."

काशीरामचा जीव भांड्यात पडला. मग ते शब्द कुठे ऐकलेत ते त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळून हसला.

"डॉक्टर, मग पाणी मारायचं थांबवू?"

"कसलं पाणी?"

सांगावंच लागलं. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "हे सिमेंट वेगळं असतं, काका. तुम्ही टेबलावर होतात तेव्हाच पाऊण तासाच्या आत घट्ट झालं."

"पायाची आग म्हणे!" चिमा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आणि वर्षभर मी विहिरीतून कळशा ओढून देतेय."

काशीरामने डॉक्टरांचं मार्कर मागून घेतलं. फिल्मवरच्या रेघेच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि खाली तारीख घातली. जिना उतरताना गुडघा ठणकला, पण या वेळी तो घाबरला नाही.