ढोलकीवरची टाच

आज सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपतीच्या आरतीची तयारी चालली होती. फरशीवरून घरंगळणारी ढोलकी लेकीने टाच लावून अडवली आणि मी जोरात ओरडलो, "पाय काढ!"

वीस वर्षांपूर्वी ब्रिस्टलमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी असाच ओरडलो होतो. देशोदेशीच्या वादकांचा आमचा गट तिथे दर शनिवारी जमायचा. हॉलभर ओल्या कोटांचा आणि कॉफीचा वास असायचा. एमिल हा मार्टिनिक बेटावरचा ढोलवादक. त्या दिवशी त्याने माझ्या वडिलांची ढोलकी वाजवायला मागितली. आधी आतल्या नळावर जाऊन आला, मग ढोलकी आडवी ठेवून घोड्यावर बसावं तसा तिच्यावर बसला आणि उघडी टाच थेट कातड्यावर टेकवली. मी ओरडतच धावत जाऊन त्याच्या पायावर फटका मारला. सगळी वाद्यं एकदम थांबली.

"आमच्याकडे टाचेनेच आवाज चढवतात," एवढंच म्हणून तो उठला. पुन्हा त्याने ढोलकीला हात लावला नाही. हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला.

"बाबा, चिल लाह," लेक इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "आरती आहे म्हणून पाय धुऊनच आलेय मी."

एमिलला फटका मारला तेव्हा माझा तळहात ओला झाला होता. बाहेर बर्फ पडत होतं, आणि त्या नळाला गरम पाणी कधीच यायचं नाही.